वहिनींचे गुडघे आणि माझं राजकारण

माझी राजकीय कारकीर्द एकूण चौदा महिन्यांची. त्यातले पहिले दोन महिने कट रचण्यात गेले. उरलेले बारा, तो यशस्वी झाला याचं आता काय करायचं, हे न समजण्यात. हरलेल्या पुढाऱ्याला निदान दुसऱ्यावर खापर फोडता येतं. मी जिंकले होते, त्यामुळे तीही सोय नाही.

आधी घरची माणसं सांगते. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका चार मजली इमारतीत आम्ही दोघी जावा राहायचो. मी तिसऱ्या मजल्यावर, थोरल्या जाऊबाई दुसऱ्यावर. त्यांना सगळे वहिनी म्हणतात. माझा नवरा म्हणतो, कारण तो त्यांचा धाकटा दीर. मी म्हणते, कारण तो म्हणतो. आणि मंडळातल्या बायका म्हणतात, कारण आम्ही दोघं म्हणतो. त्या मला ‘धाकटे’ म्हणतात. मी बावन्न वर्षांची आहे, दर तीन आठवड्यांनी केसांना रंग लावते, पण धाकटी ती धाकटीच. त्यांचे यजमान रिफायनरीतून निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. मुलगा पुण्याला असतो. या वयात मला मैत्रीण म्हणावी अशी एकच बाई होती, ती म्हणजे माझी जाऊ. हे सांगितलं की माझी सख्खी बहीण हसते. तिला वाटतं मी सासरचं कौतुक करतेय.

रोज दुपारी दोन वाजता मी एक मजला उतरून त्यांच्याकडे जायचे. दोनला टीव्हीवर एक मालिका लागायची. म्हणजे मूळ संध्याकाळी, पण आम्ही दुसऱ्या दिवशीचं पुनःप्रक्षेपण बघायचो, कारण संध्याकाळी घरच्या पुरुषांना बातम्या बघायच्या असतात, आणि त्यातलं राजकारण फारच बाळबोध असतं. आमची मालिका पक्की होती. एका राज्यातलं सत्तेवरचं घराणं. सासऱ्यापासून जावयापर्यंत सगळे एकाच खुर्चीवर डोळा ठेवून. नावं कठीण, म्हणून आम्ही आपली ठेवली होती. गळ्यात कायम मोत्यांची माळ घालून लोकांचे संसार मोडणारी सून ती मोतीवाली, आणि तिला कानात सल्ला देणारा तो मऊ आवाजाचा.

वहिनी गवार मोडता मोडता मोतीवालीला शिव्या घालायच्या. “अगं मेले, ज्या म्हातारीनं हात धरून घरात आणलं तिलाच? कुठे फेडशील हे?” आणि नेमका घात होण्याची वेळ आली, संगीत बदललं, की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. त्यांना बघवायचं नाही. आतून विचारायच्या, “झालं का गं?”

“झालं. या.”

“कुणाला?”

“पुतण्याला.”

“अरेरे. चांगला होता गं तो.”

मी मात्र डोळ्याची पापणी न लववता बघायचे. मला ते आवडायचं. आता कबूल करायला हरकत नाही, मला त्यातली कारागिरी आवडायची. मऊ आवाजाचा एकदा मोतीवालीला म्हणाला होता की माणसाला ढकलायची गरज नसते, तो घसरत असताना फक्त हात पुढे करायचा नसतो. मी गवारीची शेंग हातात धरून तशीच बसले होते.

अशाच एका दुपारी वहिनी दिवाणावरून उठताना टेबलाला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. पाऊल उचलेना. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “गुडघे गेलेत गं धाकटे. डॉक्टर म्हणतो बदलून घ्या. पण कुणाला बोलू नकोस हं. पुण्याला कळलं तर पोरगा गाडी घेऊन दारात उभा राहील, चल आई म्हणून. बडोदं सोडून मी तिथे काय करू? बाराव्या मजल्यावर बसून ढग बघू?”

मी म्हटलं, “छे, मी कशाला बोलते!”

आता मंडळ. आमच्या महिला मंडळात निवडणूक नावाचा प्रकार नाही. घटनेत आहे असं म्हणतात, पण घटना कुणी पाहिलेली नाही. आमच्यात सगळं आग्रहावर चालतं. जेवताना वाढणारी पोळी घेऊन आली की आपण ताटावर हात आडवा धरतो, ‘नको, नको’ म्हणतो, आणि पोळी पडणारच हे दोघींनाही माहीत असतं. तसंच अध्यक्षपद. जूनमध्ये देवळामागच्या हॉलमध्ये वार्षिक सभा भरायची. शेवटचा विषय आला की वहिनी उभ्या राहून पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, “आता मला मोकळं करा बाई. नव्या मुलींनी पुढे यावं.” की एकच गलका. “नाही नाही वहिनी!” “तुमच्याशिवाय कोण?” पहिल्या ‘नाही’ला त्या मान हलवायच्या, दुसऱ्याला ‘अगं पण’ म्हणायच्या, आणि तिसऱ्याला, “बरं, एवढं वर्ष. पुढच्या वर्षी मात्र ऐकायची नाही.” मग चहा. सोळा वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यातली सात वर्षं मी चिटणीस होते.

चिटणीस म्हणजे हॉल ठरवणं, निरोप पाठवणं, कार्यक्रम लिहिणं आणि माईकवाल्याशी गुजरातीत भांडणं. सभा आणि कार्यक्रम गुरुवारी दुपारी तीनला, कारण वहिनींना ते सोयीचं. नोकरी करणाऱ्या मुलींना कसं जमणार? शहराच्या टोकाच्या गोरव्याहून एक येते, तिथल्या इंजिनिअरिंगच्या कारखान्यात ऑफिसात असते. ती मला म्हणाली, “काकी, रविवारी ठेवो ने! आमी पण मराठीच छीए, आमाला पण यायचं असतं.” मी वहिनींना सांगितलं. त्या “बघू” म्हणाल्या. तीन वर्षं बघत होत्या.

म्हणजे माझ्या बाजूनं एक तत्त्व होतं. हे मी आवर्जून सांगते, कारण मालिकेतही प्रत्येकाच्या बाजूनं एक तत्त्व असायचं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण कोजागिरी. त्या वर्षी कार्यक्रमाची संहिता माझी, निवेदन माझं, तालमी माझ्याच घरात, इतक्या की नवरा महिनाभर बेडरूममध्ये जेवला. शेवटी वहिनींनी आभार मानले. सगळ्यांचे मानले, माईकवाल्याचेसुद्धा. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रेमानं म्हणाल्या, “आणि ही आमची धाकटी. चहापाण्याचं सगळं हिनं बघितलं.”

टाळ्या पडल्या. त्या चहाला होत्या.

तेवढं एक वाक्य. माणसं मोठमोठ्या कारणांसाठी बिघडतात असं मी समजत होते. मी चहापाण्यावरून बिघडले.

एप्रिलपासून मी कामाला लागले. मंडळात नेहमी बोलणाऱ्या अकरा जणी होत्या. बाकीच्या त्यांच्या मागून बोलतात. त्या अकरा जणींना मी एकेकटीला गाठलं. कुणाला खंडेराव मार्केटात कैऱ्या निवडताना, कुणाला देवळाच्या पायरीवर, कुणाला फोनवर. प्रत्येकीला तेच सांगितलं: “वहिनींचे गुडघे फार दुखतात हो. त्यांना खरंच सुटायचंय यातून, पण आपण आग्रह करकरून त्यांना अडकवतो. यंदा त्या म्हणाल्या ना, तर आग्रह करायचा नाही. गप्प राहायचं. आणि त्यांच्याजवळ गुडघ्याचं काढू नका, त्यांना संकोच वाटतो.”

सगळ्या हेलावल्या. एकीनं तर डोळे पुसले. म्हणाली, “तुझ्यासारखी जाऊ मिळायला भाग्य लागतं.” मी मान खाली घातली, नम्रपणे, असं तिला वाटलं असणार. मालिकेतले लोक कट करताना दुसऱ्याबद्दल वाईट बोलतात. मी वहिनींबद्दल एकही वाईट शब्द काढला नाही. त्यामुळे हा कट आहे असं मलाही धड वाटत नव्हतं.

दोनला मात्र रोज जात होते. गवार मोडत होते.

जूनमधली सभा झाली. शेवटचा विषय आला. वहिनी उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. “आता मला मोकळं करा बाई. नव्या मुलींनी पुढे यावं.”

आणि कुणीच काही बोललं नाही.

पंखा फिरत होता, त्याच्या एका पात्याचा आवाज यायचा तो मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. वहिनींनी सवयीनं मान हलवली. त्या पहिल्या ‘नाही’ला हलवायच्या, तशी. पण ‘नाही’ आलंच नव्हतं. ओठ थोडे उघडे होते, ‘अगं पण’च्या तयारीत. हात आडवा धरलेला आणि पोळी पडलीच नाही, असं ते दृश्य होतं. त्यांनी एकवार सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडेही. माझ्याकडे जरा जास्त वेळ, कारण मी त्यांची होते. निदान ही तरी म्हणेल, असं.

मी वहीत काहीतरी लिहायला लागले.

मग गोरव्याच्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या, अगदी मनापासून, चेहरे प्रेमानं फुललेले. तिनं मंगळबाजारातून आणलेली शाल आणि नारळ पिशवीतून काढला. “वहिनी, सोळा वर्षं तुमी किती केलं आमच्यासाठी! आता तुमी मस्त आराम करायचा.” शाल पांघरली. वहिनींनी ती दोन्ही हातांनी गच्च धरली. जूनच्या उकाड्यात.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “मग अध्यक्ष धाकट्या काकीच!” मी म्हटलं, “नाही नाही, मी कशी?” त्यांनी आग्रह केला. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा केला. मी “अगं पण” म्हटलं. देवाशपथ, हेच शब्द आले तोंडातून. तिसऱ्या आग्रहाला मी हो म्हटलं.

घरी परतताना दोन मजले चढेपर्यंत वहिनी तीनदा थांबल्या. शाल माझ्या हातात दिली होती. दारापाशी म्हणाल्या, “छान झालं हो. आपल्या घरातच राहिलं.”

माझ्या नवऱ्यानं विचारलं, “काय, शपथविधी कधी?” मी हसले. तो हसत नव्हता हे थोड्या वेळानं लक्षात आलं. म्हणाला, “वहिनी जेवल्या का ते बघून ये.” मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दोनला मी पूर्ण तयारीनं गेले. त्या काय बोलतील, मी काय उत्तर देईन, याची मी आंघोळ करताना तालीम केली होती. मोतीवालीनं ज्यांना खाली खेचलं त्या सगळ्यांनी उलटा वार केला होता. तशी माझी अपेक्षा होती. वहिनींनी दार उघडलं. टीव्ही बंद होता. मला हाताला धरून दिवाणावर बसवलं आणि म्हणाल्या, “धाकटे, मला खरं सांग. मी कुणाला लागेल असं काही बोलले का गं?”

“नाही हो वहिनी.”

“मग एकीनंही का नाही म्हटलं? एकीनंही? माझं काहीतरी चुकलं असणार. तोंडाची मी फटकळच. रात्रभर आठवत होते, पण आठवेना.”

तेव्हा सांगायचं होतं. तो क्षण होता. दार उघडं होतं, घरात दोघीच होतो, आणि त्यांनी माझा हात धरलेला होता. मी म्हटलं, “लोकांना बदल हवा असतो, वहिनी.”

हे वाक्य मालिकेतलं नव्हतं. तेवढं माझं स्वतःचं.

वहिनींनी उपाय काढला तो फक्त त्याच काढू जाणोत. नारळाच्या वड्या केल्या, डबे भरले आणि एकेकीच्या घरी निघाल्या. ‘काही चुकलं असेल तर पोटात घाला’ म्हणायला. मी म्हटलं, “अहो, या उन्हात? गुडघे बघा तुमचे.” “गुडघ्यांचं राहू दे.” “मग मी येते बरोबर.” तर म्हणाल्या, “नको. तू असलीस तर कुणी मोकळं बोलणार नाही. तुला वाईट वाटेल म्हणून.”

तीन दिवस त्या रिक्षानं फिरल्या. परतल्या की मला सांगायच्या. “फार प्रेमानं बोलली गं. म्हणाली, राग कसला वहिनी, आराम करा. सगळ्या आराम करा म्हणतात. मी काय म्हातारी झालेय?” बायकांनी शब्द पाळला होता, गुडघ्याचं कुणी काढलं नव्हतं. मी मनातल्या मनात एकेकीचे आभार मानत होते. अकरातल्या दहा पार पडल्या.

चौथ्या दिवशी त्या गोरव्याला गेल्या.

परत आल्या त्या दुसऱ्या मजल्यावर थांबल्याच नाहीत. एक मजला जास्त चढून माझ्या दारात आल्या. चेहरा घामानं निथळत होता. मी पाणी दिलं. त्यांनी पूर्ण पेला संपवला, खाली ठेवला.

“त्या पोरीला पोटात ठेवता येत नाही,” त्या म्हणाल्या. “रडायलाच लागली. म्हणाली, वहिनी, आम्ही तुमच्या गुडघ्यांसाठी केलं.”

मी रिकामा पेला उचलून घेतला.

“मी म्हटलं, कुणी सांगितलं गं तुला?”

मऊ आवाजाच्याचा एक नियम होता: अडचणीत सापडलात तर उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा. मी विचारलं, “वहिनी, चहा टाकू?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी काहीतरी म्हणाले असते. गुरुवार म्हणाले असते, कोजागिरी म्हणाले असते. एखादं गणित पुन्हा पुन्हा करूनही तेच उत्तर येतंय अशा नजरेनं बघत होत्या.

“हवं होतं तर मागायचं ना. मी दिलं असतं.”

हे खरं नाही. त्यांनी दिलं नसतं. “बघू” म्हणाल्या असत्या, आणखी तीन वर्षं. मला ते तेव्हाही माहीत होतं, आजही आहे, आणि त्याचा मला काडीचाही उपयोग होत नाही. कारण पुढे त्या म्हणाल्या, “गुडघ्यांचं मी तुला सांगितलं होतं धाकटे. मंडळाला नव्हतं सांगितलं.”

आणि उठल्या. टेबलाला न धरता. मला दिसू नये म्हणून.

त्यानंतर भांडण झालं नाही. लोकांना वाटतं नाती भांडणानं तुटतात. आमच्यात अबोलासुद्धा झाला नाही. दोनला मी जायचे, त्या दार उघडायच्या, “ये” म्हणायच्या. पण मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, “बरी आहे.” पाय कसा आहे? बरा आहे. मुलाचा फोन? येतो. झोप? लागते. पूर्वी माझ्याशी बोलताना त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. आणि आता घाताची वेळ आली, संगीत बदललं, तरी त्या उठत नव्हत्या. बसून राहायच्या, शेवटपर्यंत बघायच्या. पंधरा-वीस दिवसांनी मीच जाणं सोडलं. मालिका कशी संपली ते मला माहीत नाही.

मंडळ मात्र सुधारलं, हे सांगितलंच पाहिजे. कार्यक्रम रविवारी ठेवले. गर्दी वाढली, सावली गावाहूनसुद्धा तिघी यायला लागल्या. वहिनी येत नव्हत्या. कुणी विचारलं तर हसून सांगायच्या, “गुडघे दुखतात ना माझे.” माझ्यासमोरही तेच सांगायच्या, त्याच हसण्यानं.

अकरा जणींना माहीत असलेली गोष्ट पुण्याला पोचायला किती वेळ लागतो? कुणाची तरी भाची वहिनींच्या सुनेच्या ओळखीची निघाली. दिवाळीनंतर मुलगा आला. त्यानं आईचं ऐकून घेतलं नाही, आणि का घ्यावं? मुलगा चांगला आहे. ऑपरेशन पुण्यालाच करायचं ठरलं. मला हे कळलं जिन्यात, बॅगा खाली चाललेल्या दिसल्या तेव्हा.

आजवर वहिनी कुठेही गेल्या की किल्ली आमच्याकडे असायची. तुळशीला पाणी घालणं, आठवड्याला एकदा खिडक्या उघडणं, हे माझं काम. मी खाली उतरून हात पुढे केला. त्या म्हणाल्या, “किल्ली समोरच्या दारच्या बेनना दिलीय. तुला आता मंडळाची कामं असतात.” टोमणा नव्हता. टोमणा मारायला माणूस जवळचं लागतं. मग मी वाकून नमस्कार करायला लागले तर मला अर्ध्यातच धरून म्हणाल्या, “सुखी राहा.” नवऱ्याला मात्र त्यांनी जवळ घेतलं. तो सातवीत असताना त्या या घरात आल्या होत्या. तो रस्त्यावर उभा राहून लहान मुलासारखा रडला, आणि वर येऊन मला एका शब्दानंही काही बोलला नाही. अजून बोललेला नाही.

मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा, “बरी आहे.” एक पत्र लिहिलं, सगळं स्वच्छ कबूल करणारं, चार पानी. वाचून बघितलं तर त्यात दोन पानं गुरुवार आणि कोजागिरीवरच होती. फाडून टाकलं.

या जूनमध्ये वार्षिक सभा झाली. मी उभी राहिले आणि म्हणाले, मला मोकळं करा. मला खरंच सोडायचं होतं. पण असं शब्दांत सांगायची सोयच आमच्यात नाही. “नाही नाही काकी! तुमच्याशिवाय कोण?” मी म्हटलं, अहो मी मनापासून म्हणतेय. त्या आणखी जोरात म्हणाल्या, नाही नाही. गोरव्याची तेवढी गप्प होती. ती माझ्याकडे बघत नाही हल्ली.

परवा जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर समोरच्या बेन भेटल्या. हातात तांब्या होता, वहिनींच्या दारातल्या तुळशीला पाणी घालून येत होत्या. तुळस छान फोफावली आहे. माझ्या हातून इतकी कधी वाढली नव्हती. बेन हसून म्हणाल्या, “भाभी हवे तो लाकडी वगर चाले छे! काले फोन हतो. एक कलाक वात करी.” काठीशिवाय चालायला लागल्या. तासभर बोलल्या. काय काय बोलल्या ते सगळं बेन सांगू लागल्या: पहिल्या आठवड्यात किती दुखलं, नातवानं काठीला रंगीत कागद कसा गुंडाळला, बाराव्या मजल्यावरून ढग फार जवळ दिसतात, आणि बडोद्याला परत यायचं की नाही ते अजून ठरत नाही.

मी कठड्याला धरून ऐकत होते. सांगता सांगता बेन मध्येच थांबल्या. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं असावं.

“तमने नथी कह्युं?” तुम्हाला नाही सांगितलं?

“कह्युं ने,” मी म्हटलं. “बधुं कह्युं.” सगळं सांगितलं. आणि उरलेला जिना उतरून भाजी आणायला गेले.